सोसायटीच्या कचऱ्याचे काम कोणाकडे द्यावे? वार्षिक सभेआधी आपला अनुभव हवा आहे

आंबेमोहोर | ९ जुलै २०२३

नमस्कार. आमची सोसायटी पुण्याच्या पश्चिम भागात आहे. तीन इमारती, १६८ सदनिका आणि ५,००० चौरस मीटरहून मोठा भूखंड आहे. येत्या १७ सप्टेंबरला वार्षिक सर्वसाधारण सभा होईल आणि त्या सभेत कचरा उचलण्याचे काम पुढे कोणाकडे द्यायचे, हे ठरणार आहे. कार्यकारिणीने तीन पर्याय मांडले आहेत.

पहिला पर्याय एका खाजगी ठेकेदाराचा आहे. तो सदनिकेमागे महिना ११० रुपये घेऊन ओला-सुका असा भेद न करता सगळा कचरा टेम्पोतून नेणार आहे. दुसरी एक कंपनी आवारात यंत्र बसवून, माणूस ठेवून ओल्या कचऱ्याचे खत करून देणार आहे आणि त्यासाठी १८५ रुपये मागते. तिसरा पर्याय असा, की गेली अनेक वर्षे आमच्याकडे येणाऱ्या, कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या ताईंकडेच संकलन ठेवावे आणि ओल्या कचऱ्यासाठी आवाराच्या मागच्या बाजूला खताच्या टाक्या बांधाव्यात. सूचनाफलकावर लावलेल्या तक्त्यात तिन्ही पर्यायांपुढे केवळ दर लिहिलेले आहेत. पहिला पर्याय दुसऱ्यापेक्षा महिन्याला १२,६०० रुपयांनी स्वस्त पडतो आणि बहुतेक सभासदांचे लक्ष त्या एका आकड्यावर खिळले आहे.

हा तक्ता पाहून मी अस्वस्थ झाले. पाण्याचा टँकर मागवताना पाणी कोठून आले, हे आपण विचारतो. मग आपल्या घरातून रोज बाहेर जाणारी वस्तू कोठे जाऊन पडते, हे दर ठरवण्याआधी का विचारू नये? मागच्या आठवड्यात मी आणि आणखी दोघींनी सुरक्षारक्षकांच्या खोलीत वजनकाटा ठेवून सलग आठ दिवस कचरा मोजला. दिवसाची सरासरी १४२ किलो आली. त्यात ८६ किलो ओला, ३८ किलो सुका आणि १८ किलो डायपर, सॅनिटरी पॅड व झाडलोटीचा कचरा होता. हा आकडा हाती आल्यावर लक्षात आले, की आजवर कोणत्याही ठेकेदाराने आम्हाला ‘तुमचा कचरा किती?’ असे विचारलेलेच नाही. सगळ्यांनी ‘सदनिका किती?’ एवढेच विचारले.

ज्यांच्या सोसायटीत असा निर्णय झाला आहे, त्यांनी तो कसा घेतला आणि नंतर काय अनुभव आला, हे सविस्तर लिहावे ही विनंती.

हिशेबनीस | ९ जुलै २०२३

मी आमच्या सोसायटीत सहा वर्षे खजिनदार होतो, म्हणून प्रथम दराविषयीच लिहितो. सदनिकेमागचा दर हा पूर्ण खर्च कधीच नसतो. दरात १८ टक्के जीएसटी धरला आहे की वेगळा लागणार, दरवर्षी किती वाढ होणार, रविवारी आणि सणाच्या दिवशी गाडी येणार का, गाडी आली नाही तर त्या दिवसाचे पैसे कापले जाणार का, हे सगळे लेखी घेतल्याशिवाय दोन दरांची तुलना करण्यात अर्थ नाही.

यंत्राच्या बाबतीत तर जास्तच काळजी घ्यावी. आम्ही असेच यंत्र घेतले होते. करारात चालवणाऱ्या माणसाचा पगार होता, परंतु विजेचे बिल सोसायटीच्या सामाईक मीटरवर आले. लाकडाचा भुसा आणि विरजण म्हणून लागणारी जिवाणूंची भुकटी आम्हालाच विकत आणावी लागली. हमीचा काळ संपल्यावर आतली पाती तुटली, तेव्हा दुरुस्तीचा माणूस तीन आठवडे फिरकला नाही. त्या तीन आठवड्यांचा ओला कचरा कोठे टाकायचा, याविषयी करारात एक ओळही नव्हती. आज ते यंत्र ताडपत्रीखाली उभे आहे. माझा यंत्राला सरसकट विरोध नाही. मात्र बंद पडलेल्या दिवसांची जबाबदारी कोणाची, हे कलम करारात सर्वांत आधी पाहावे.

निवृत्त_अभियंता | १० जुलै २०२३

आपण आठ दिवस वजन केलेत, हे फार चांगले झाले. त्या ८६ किलोंवरून पुढचे बरेच गणित मांडता येते.

ताज्या ओल्या कचऱ्याची घनता लिटरला साधारण अर्धा किलो धरली, तर ८६ किलो म्हणजे रोजचे १७० लिटरच्या आसपास आकारमान होते. त्यात जवळजवळ तेवढाच वाळलेला पाला मिसळावा लागतो. तो मिसळला नाही तर ओलावा जास्त राहतो, हवा खेळत नाही आणि दुर्गंधी सुटते. दुर्गंधी हा खतप्रक्रियेचा अटळ भाग आहे, अशी पुष्कळांची समजूत असते, पण ती चूक आहे. ढिगात हवा पोचत नसेल तरच तसा वास येतो. प्रक्रिया नीट चालू असेल तर ढिगाच्या पोटात ५५ ते ६५ अंश तापमान चढते, पहिल्या काही दिवसांतच ढीग खाली बसू लागतो आणि महिना-सव्वा महिन्यात आकार निम्म्याहून खाली येतो. हा बसण्याचा वेग धरला, तर आपल्याला प्रत्येकी दोन घनमीटरच्या चार टाक्या पुरतील. एक भरत असताना दुसरी आणि तिसरी मुरत राहतील आणि चौथी रिकामी होत असेल. दोन चारचाकी गाड्या उभ्या राहतात, त्याहून थोडी जास्त जागा त्यांना लागेल.

आता त्या १८५ रुपयांच्या प्रस्तावाविषयी. कंपनी ‘चोवीस तासांत खत’ असे म्हणत असेल, तर बाहेर पडणाऱ्या पदार्थाची ओंजळभर मागणी करा. तो पाण्यात भिजवून तीन-चार दिवस झाकून ठेवा. आंबूस वास आला आणि तो पुन्हा तापू लागला, तर ते खत नाही. तो नुसता वाळवून बारीक केलेला कचरा आहे आणि झाडांच्या मुळाशी घातला तर तेथेच कुजू लागून मुळांना अपाय करील. यंत्राने चिरून दिलेला कचराही नंतर तीन-चार आठवडे मुरवावाच लागतो. म्हणजे यंत्र घेतले तरी मुरवण्याची जागा लागणारच असते आणि हे सांगणारा विक्रेता मला अजून भेटलेला नाही.

आमच्याकडे पाला फेब्रुवारी-मार्चमध्ये भरपूर पडतो आणि पावसाळ्यात मुळीच मिळत नाही. म्हणून उन्हाळ्यातच पोती भरून ठेवावी लागतात. एवढे एक पथ्य पाळले नाही, तर जुलैत सगळी व्यवस्था कोलमडते आणि खतप्रकल्पच वाईट होता, असा निष्कर्ष काढून लोक तो बंद करतात.

सातवा_मजला | १० जुलै २०२३

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते रागाने मांडत नाही. आम्ही दोघेही नोकरी करतो, घरात दोन लहान मुले आणि अंथरुणाला खिळलेल्या आई आहेत. मिळकतकर आम्ही वेळेवर भरतो. घरोघरचा कचरा उचलून त्याची विल्हेवाट लावणे हे महापालिकेचे मूलभूत काम असताना नागरिकांनी तो वेगळा करावा, आवारात टाक्या बांधाव्यात, वर दरमहा पैसे द्यावेत आणि शेजाऱ्यांनी डब्यात डोकावून तपासणी करावी, हे मला न्याय्य वाटत नाही. पहिला ठेकेदार सगळे एकत्र नेत असेल, तर ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी तो पर्याय उपलब्ध असावा.

कोठीसमोर | १० जुलै २०२३

सातवा मजला, आपली अडचण खरी आहे. परंतु त्या पर्यायाला कायद्याचा आधार नाही. केंद्र सरकारने ८ एप्रिल २०१६ रोजी घनकचरा व्यवस्थापन नियम प्रसिद्ध केले. त्यांनुसार कचरा ओला, सुका आणि घरगुती घातक अशा तीन भागांत वेगळा करून देणे ही प्रत्येक घराची जबाबदारी आहे. सॅनिटरी कचराही वेगळा गुंडाळून द्यायचा आहे. रोज सरासरी १०० किलोंहून जास्त कचरा होणाऱ्या ठिकाणांना मोठे कचरानिर्माते मानले आहे. ५,००० चौरस मीटरहून मोठ्या बंदिस्त वसाहतींनी ओल्या कचऱ्यावर शक्यतोवर आवारातच प्रक्रिया करावी, असेही त्यांत म्हटले आहे. धागाकर्तीची सोसायटी १४२ किलो आणि भूखंडाचे क्षेत्रफळ या दोन्ही निकषांत बसते. मुंबईत महापालिकेने अशा मोठ्या सोसायट्यांचा ओला कचरा २ ऑक्टोबर २०१७ पासून उचलणार नाही, असे जाहीर केले होते, तेव्हा किती धावपळ झाली, हे अनेकांना आठवत असेल.

याचा अर्थ नागरिकांवर सगळे ढकलून महापालिका मोकळी झाली, असा नाही. सुका कचरा नेणे, सॅनिटरी कचऱ्याची योग्य विल्हेवाट आणि परवाना दिलेल्या संस्थांवर देखरेख, ही तिची कामे आहेत आणि ती झाली नाहीत तर आपल्या भागातल्या आरोग्य कोठीत, म्हणजे महापालिकेच्या सफाई विभागाच्या स्थानिक कार्यालयात जाऊन लेखी तक्रार करावी. मी दोनदा केली आहे आणि दोन्ही वेळा मोकादम दुसऱ्या दिवशी येऊन पाहून गेले.

आणखी एक माहिती. पुण्यात गांडूळखत प्रकल्प चालू असलेल्या मिळकतींना करात ५ टक्के सवलत मिळते आणि त्याबरोबर सौरऊर्जा किंवा पावसाच्या पाण्याची व्यवस्था असेल तर ती १० टक्क्यांपर्यंत जाते. तक्त्यात दर लिहिताना ही सवलत तिसऱ्या पर्यायाच्या बाजूला मांडायला हवी.

मावळतीचे_ऊन | ११ जुलै २०२३

हा धागा दोन दिवस वाचत होते आणि लिहावे की नाही, याचा विचार करत होते. माझी आई कचरावेचक होती. मी आता शाळेत शिकवते.

माझ्या लहानपणी आई पहाटे चारला घरातून निघायची. रस्त्यावरच्या कचराकुंड्यांत हात घालून कागद, काच, पत्रा निवडायची आणि भंगारवाल्याला विकायची. तिच्या बोटांना काचेच्या जखमा कायम असायच्या. कुंडीतल्या कुत्र्यांची आणि माणसांच्या संशयी नजरांची तिला सारखीच भीती वाटायची. १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि हळूहळू तिच्यासारख्या बायकांना महापालिकेच्या मान्यतेचे ओळखपत्र मिळाले. ते ओळखपत्र तिने देवघरात ठेवले होते, हे मला आजही आठवते. पुढे त्याच पंचायतीतून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. कुंडीत वाकून शोधण्याऐवजी आई दारोदार जाऊन कचरा घेऊ लागली. घरटी शुल्क मिळू लागले आणि सुक्या कचऱ्यातून येणारे पैसेही तिचेच राहिले.

हे इतके लिहिण्याचे कारण असे, की १४२ किलोंतल्या त्या ३८ किलो सुक्या कचऱ्याचा मालक कोण, हा प्रश्न आपल्या तक्त्यात कोठेच नाही. सगळे एकत्र नेणारा ठेकेदार आला, तर आज येणाऱ्या ताईंचे शुल्क जाईल आणि त्याबरोबर विकण्याजोगा कागद, पुठ्ठा, बाटल्याही जातील. ओल्यात मिसळलेल्या पुठ्ठ्याला भंगारात भाव येत नाही, म्हणजे तो ठेकेदारालाही उपयोगी पडत नाही आणि तिच्या हातचाही जातो. घरात वेगळा ठेवलेला, कोरडा राहिलेला कागद मात्र कोणाच्या तरी मुलीच्या शाळेच्या फीचा भाग होतो. माझ्या फीचा होता.

दुसरी गोष्ट पॅड आणि डायपरची. ‘लाल ठिपका’ मोहीम कशासाठी होती, हे पुष्कळ घरांना माहीत नाही. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करावी, म्हणजे वेचणाऱ्या बाईला पुडी उघडून पाहावी लागत नाही, इतकी साधी विनंती होती. कोणालाही काम द्या, परंतु ही एक गोष्ट प्रत्येक घराने करावी, असे मला मनापासून वाटते.

आणि हेही सांगते, की आमच्या बायकांच्या कामात त्रुटी नसतात, असे नाही. दिवाळीत, गावच्या जत्रेला, आजारपणात खाडे होतात. कधी बदली बाई येते आणि तिला मजले माहीत नसतात. पण कित्येक सोसायट्या त्यांना लिफ्ट वापरू देत नाहीत, हात धुवायला नळ देत नाहीत, सुका कचरा निवडायला पावसात छप्पर देत नाहीत आणि मग कामात वेळ लागतो, अशी तक्रार करतात. करारात संस्थेकडून काय हवे, ते लिहाल, तसे सोसायटी काय देणार, तेही लिहा.

आंबेमोहोर | ११ जुलै २०२३

मावळतीचे ऊन ताई, आपला प्रतिसाद मी माझ्या घरात मोठ्याने वाचून दाखवला. आमच्याकडे येणाऱ्या ताईंना वाहनतळातल्या नळावर हात धुवायची परवानगी आहे की नाही, हेच मला सांगता आले नाही. आज विचारले. परवानगी नव्हती. उद्यापासून आहे.

सातवा मजला यांच्या म्हणण्यावरही मी विचार करते आहे. अंथरुणावरच्या आजीबाईंच्या घरात डायपरचे प्रमाण जास्त असणार आणि तेथे दंडाची भाषा करणे क्रूरपणाचे होईल. त्या घरांसाठी काय करावे, हे कोणी सुचवावे.

मांडवी | १२ जुलै २०२३

मी पणजीत राहते. येथे वसाहतींमध्ये कचरा सोळा प्रकारांत वेगळा करण्यापर्यंत मजल गेली आहे. हे ऐकून घाबरून जाऊ नये. घरात चार-पाच भागच करायचे असतात आणि पुढची विभागणी वसाहतीतल्या छोट्या केंद्रावर होते. खोकी, काच, दुधाच्या पिशव्या, चिप्सची चकचकीत वेष्टने, कपडे, जुन्या चपला यांना तेथे वेगवेगळ्या पिशव्या टांगलेल्या असतात. गृहिणींना हे दोन आठवड्यांत अंगवळणी पडते, असा माझा अनुभव आहे आणि पुरुषांना थोडा जास्त वेळ लागतो.

वृद्ध किंवा आजारी माणूस असलेल्या घरांसाठी आमच्या इमारतीत डायपरचा झाकणाचा डबा दाराबाहेर ठेवण्याची सवलत आहे आणि तो रोज उचलला जातो. त्या घराकडून वेगळा आकार घेत नाहीत. तो खर्च सगळे मिळून सोसतात.

बनशंकरी | १३ जुलै २०२३

बंगळूरमध्ये आम्हा मोठ्या गृहसंकुलांना बऱ्याच वर्षांपूर्वीच महापालिकेच्या नेहमीच्या व्यवस्थेतून बाहेर काढले गेले आणि नोंदणीकृत संस्थांपैकी एखादी निवडा, असे सांगितले गेले. मावळ्ळीपुरा आणि मंडूर येथील गावकऱ्यांनी शहराचा कचरा अडवल्यानंतर हे सगळे वेगाने घडले. पुण्याच्या वाचकांना यात पुण्याचा कचरा जेथे टाकला जात असे, ती उरळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे आठवतील. तेथील विहिरींचे पाणी खराब झाले, त्याला आपल्या स्वयंपाकघरातली वाटीभर उरलेली भाजीही थोडीफार कारणीभूत आहे. उघड्यावर पडलेल्या ओल्या कचऱ्यातूनच तो काळा रस झिरपतो आणि त्यातून निघणाऱ्या मिथेनमुळे आग लागते. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत देवनारच्या कचराभूमीला लागलेल्या आगीचा धूर दिवसेंदिवस शहरावर होता.

आम्ही संस्था निवडली, तेव्हा एक नियम केला होता आणि तो आपणही करावा. दरपत्रक उघडण्याआधी प्रत्येक इच्छुकाच्या प्रक्रिया केंद्राला भेट द्यायची आणि ही भेट न कळवता द्यायची. पाच जणांपैकी दोघांनी पत्ता देण्यास टाळाटाळ केली, तेव्हा त्यांची पाकिटे आम्ही उघडलीच नाहीत. एकाच्या केंद्रावर सगळे ठीक होते, परंतु तेथे काम करणाऱ्या मुलांच्या हातांत मोजे नव्हते आणि पायांत रबरी चपला होत्या. त्याला आम्ही किमान वेतन, हातमोजे, गमबूट आणि विमा यांची अट घातली. दर थोडा वाढला आणि सर्वसाधारण सभेने तो मंजूर केला.

निवडीनंतरही दर महिन्याला किती किलो ओला, सुका आणि नाकारलेला कचरा गेला, याची वजनपावती घ्या. नाकारलेल्या कचऱ्याचे वजन वाढत असेल, तर दोष घरांत आहे की संस्थेत, हे दोन दिवस दाराशी उभे राहिले की कळते.

पश्चिमकिनारा | १४ जुलै २०२३

कॅलिफोर्नियातून लिहितो. येथे १ जानेवारी २०२२ पासून राज्याच्या कायद्याने अन्नाचा कचरा वेगळा गोळा करणे बंधनकारक झाले. आमच्या शहरात ठेकेदार नगरपालिकाच ठरवते. घराघराला निवड असते ती डब्याच्या आकाराची. मिश्र कचऱ्याचा डबा जेवढा मोठा, तेवढे मासिक बिल जास्त. पुनर्वापराच्या डब्याला जवळपास काहीच लागत नाही. त्यामुळे लोक आपोआप लहान डबा घेतात आणि वेगळे करायला शिकतात. १६८ सदनिकांना सरसकट एकच दर लावण्याऐवजी मिश्र कचरा देणाऱ्या घराला जास्त आणि वेगळा करून देणाऱ्याला कमी, असा दोन पायऱ्यांचा दर सभेपुढे ठेवता येईल का, याचा विचार करावा.

दुसऱ्या काही राज्यांत प्रत्येक घर आपापला ठेकेदार निवडते. माझ्या बहिणीच्या गल्लीत त्यामुळे आठवड्यात वेगवेगळ्या दिवशी तीन जड ट्रक येतात. ‘ज्यांना वेळ नाही, त्यांच्यासाठी वेगळा ठेकेदार’ हे आकर्षक वाटले तरी एका आवारात दोन व्यवस्था चालवणे खर्चिक होते आणि कोणाचा कचरा कोठे सांडला, याचा वाद संपत नाही.

सातवा_मजला | १४ जुलै २०२३

दाराबाहेरच्या झाकणाच्या डब्याची कल्पना मला आवडली. ती लागू होणार असेल तर वेगळे करण्याला माझा विरोध राहणार नाही. आईंची काळजी घेणाऱ्या बाईंना मी स्वतः समजावून सांगेन. दोन पायऱ्यांच्या दराला मात्र माझा विरोध आहे. भाडेकरूंवर आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांवर जास्त दर बसेल आणि सांगणार कोण, तर वॉचमन.

हिशेबनीस | १५ जुलै २०२३

दोन पायऱ्यांच्या दराबाबत मीही सातवा मजला यांच्या बाजूचा आहे. निदान पहिली सहा महिने तो नको. प्रथम सवय, मग आकारणी. शिवाय देखभाल खर्चातला असा बदल सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय करता येणार नाही आणि त्या ठरावावर मतभेद झाले, तर मूळ विषय मागे पडेल.

आंबेमोहोर | ६ ऑगस्ट २०२३

उशिरा लिहिते आहे, कारण बनशंकरी यांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही भेटी द्यायचे ठरवले.

पहिल्या ठेकेदाराला प्रक्रिया केंद्राचा पत्ता विचारला. ‘महापालिकेच्या ठिकाणी जातो’ एवढेच उत्तर आले. कोणते ठिकाण, हे तीनदा विचारूनही कळले नाही. तो सध्या शेजारच्या एका संकुलाचा कचरा उचलतो. एका सकाळी पावणेसहाला आमच्या कार्यकारिणीतले दोन सभासद दुचाकीवरून त्याच्या टेम्पोच्या मागे गेले. टेम्पो नदीकडे उतरणाऱ्या कच्च्या रस्त्यावर वळला आणि नाल्याच्या काठावर रिकामा झाला. दोघांनी छायाचित्रे काढली आणि ती आरोग्य कोठीत दिली. आमच्यासाठी तो पर्याय तेथेच संपला. ११० रुपये इतके कमी का आहेत, हे त्या काठावर उभे राहिल्यावर समजले, असे त्यांच्यापैकी एकाने बैठकीत सांगितले आणि काही वेळ कोणी बोलले नाही.

दुसऱ्या कंपनीचे केंद्र स्वच्छ होते, माणसे नीट बोलली. निवृत्त अभियंता यांनी सुचवलेली चाचणी मी स्वयंपाकघरात केली. चौथ्या दिवशी वाटीतून आंबूस वास आला. कंपनीच्या प्रतिनिधीला ते सांगितले, तेव्हा त्यांनी पदार्थ पुढे महिनाभर मुरवावा लागतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले. त्यासाठीची जागा मात्र सोसायटीने द्यायची आहे.

तिसऱ्या पर्यायासाठी ताईंच्या संस्थेच्या समन्वयकांशी बोललो. संकलनाचे शुल्क आणि टाक्यांवर रोज दोन तास काम करणाऱ्या व्यक्तीचे मानधन मिळून सदनिकेमागे १५० रुपये येतात, म्हणजे महिन्याला २५,२०० रुपये. टाक्या बांधण्याचा खर्च वेगळा. सूचनाफलकावरचा जुना तक्ता काढून नवीन लावला आहे. त्यात आता कचरा कोठे जातो, ओल्यावर प्रक्रिया कोठे होते, सुक्याचे उत्पन्न कोणाला मिळते, बंद दिवसांची जबाबदारी कोणाची, काम करणाऱ्यांना कोणती साधने मिळतात आणि शेवटच्या रकान्यात दर, असा क्रम आहे.

निवृत्त_अभियंता | ७ ऑगस्ट २०२३

टाक्या कुंपणाच्या भिंतीला चिकटून बांधू नयेत, दोन्ही बाजूंनी हवा यायला हवी. तळाला उतार देऊन झिरपणारे पाणी एका बादलीत गोळा करावे आणि तेच पुन्हा ढिगावर शिंपडावे. वर पत्र्याचे छप्पर आणि भोवती उंदरांसाठी बारीक जाळी आवश्यक आहे. सभेआधी एक टाकी प्रयोग म्हणून चालू करता आली, तर सभासदांना वासाची भीती दाखवणाऱ्यांना शब्दांनी उत्तर द्यावे लागणार नाही.

आंबेमोहोर | १८ सप्टेंबर २०२३

काल सभा झाली. एक टाकी ऑगस्टच्या मध्यापासून चालू होती आणि सभेच्या आधी जवळजवळ चाळीस माणसे तिच्या शेजारी उभी राहून पाहून गेली. तिसरा पर्याय बहुमताने मंजूर झाला. विरोधातली बरीच मते टाक्यांच्या जागेमुळे होती, कारण पाहुण्यांच्या गाड्या लावण्याच्या दोन जागा जात आहेत. त्या सभासदांची तक्रार अनाठायी नाही आणि त्यावर तोडगा अजून निघालेला नाही.

करार एक वर्षाचा, पहिले सहा महिने चाचणीचे. दर महिन्याच्या पाच तारखेला वजनाचे आकडे फलकावर लागतील. ताईंना लिफ्ट, नळ आणि वाहनतळाच्या कोपऱ्यात सुका कचरा निवडण्यासाठी छप्पर देण्याचे ठरावातच लिहिले आहे. आजारी व्यक्ती असलेल्या सात घरांना झाकणाचे डबे सोसायटी देणार आहे आणि त्यांची यादी सातवा मजला यांनी स्वतः फिरून केली. होय, ते आमच्याच सोसायटीत, बी इमारतीत राहतात, हे मला सभेत कळले.

उद्या गणपती बसतील. निर्माल्य वेगळे घेऊन तेही टाकीतच घालायचे आहे. त्यातला थर्माकोल, चमकीचे कागद आणि प्लास्टिकचे हार वेगळे काढण्यासाठी मुलांचा एक गट तयार आहे. एक प्रश्न मात्र सुटत नाही. आमच्याकडे शहाळी फार येतात आणि ती टाकीत महिनोन्महिने तशीच राहतात. त्यांचे काय करावे?

मांडवी | १८ सप्टेंबर २०२३

शहाळी टाकीत घालू नयेत. कोयत्याने चार फाका करून उन्हात आठ दिवस वाळवाव्यात, सोडणे हाताने सुटे होते. कुंड्यांच्या तळाशी घालायला ते उत्तम आणि बारीक केलेला भुगा टाकीत वाळलेल्या पाल्याऐवजी चालतो. तुमच्याकडे पावसाळ्यात पाला मिळत नाही, असे वर कोणी लिहिले होते. तेव्हा मे महिन्यातली शहाळी वाळवून ठेवा.

मावळतीचे_ऊन | १८ सप्टेंबर २०२३

फाका करायला ताईंना सांगू नका. ते काम ठरावात नाही. शहाळी विकणाऱ्याकडूनच ती चिरून घ्यावीत.